राग कानात येतो: तिसरीतल्या एका मुलाचा प्रकरण अभ्यास

मुलगा साडेआठ वर्षांचा, मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत. घर पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात, दोन खोल्यांचं. वडील कंपनीत तीन पाळ्यांत काम करतात आणि पाळी दर आठवड्याला बदलते. आई पतसंस्थेत, दहा ते सहा. आजी घरी असते, तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. धाकटी बहीण चार वर्षांची. (एका घराची ओळख पटू नये म्हणून सारख्या प्रकरणांतले तपशील एकत्र करून हे लिहिलं आहे. आकडेही त्या एकत्रित प्रकरणाचेच.)

निमित्त झालं कंपास पेटीचं. मधल्या सुट्टीच्या जरा आधी त्याने शेजारी बसणाऱ्या मुलाच्या कपाळावर कंपास पेटी मारली, दोन टाके पडले. शाळेने चिठ्ठीत लिहिलं, "मुलगा अतिशय रागीट आहे." आई समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत म्हणाली, "याच्या नाकावरच राग असतो." आजीचं म्हणणं, "बापावर गेलाय."

तिघांनी एकच शब्द वापरला आणि मुलाकडेही तेवढाच होता. खेळात हरला की राग, अक्षर चुकलं की राग, बहिणीला आधी वाढलं की राग, कोणी हसलं की राग. आत काय चाललंय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं, मग इतरांना कळणार कुठून? म्हणून या प्रकरणात पहिलं काम राग आवरण्याचं नव्हतंच. त्या शब्दाखाली काय काय दडलंय ते वेगळं करणं हे पहिलं काम होतं.

नोंदवही

पहिले चौदा दिवस घरात काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं, असं ठरलं. शंभर पानी वही आणि पाच रकाने: वेळ, लगेच आधी काय घडलं, मुलाने काय केलं, मोठ्यांनी काय केलं, किती मिनिटं चाललं. तिसऱ्या रकान्याला एक अट होती. डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं. "उद्धटपणा केला" चालणार नाही. "वही फेकली, 'मला नाही लिहायचं' म्हणून ओरडला" चालेल. आईच्या पहिल्या चारही नोंदींत "मुद्दाम" हा शब्द होता. त्या खोडून पुन्हा लिहिताना तिच्याच लक्षात आलं की फेकलेली वही दिसते, मुद्दामपणा आपण मनाने जोडतो. आजीला लिहायला जड जातं, म्हणून ती भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लक्षात ठेवायची आणि आई आली की सांगायची.

चौदा दिवसांत १९ नोंदी झाल्या. ११ गृहपाठाच्या, सगळ्या संध्याकाळी सात ते नऊच्या मधल्या. ५ खेळात हरल्यानंतरच्या, ३ मोबाईल काढून घेतल्यावरच्या. एक प्रसंग सरासरी १२ मिनिटं चालायचा आणि ९ वेळा त्याने बहिणीवर किंवा आजीवर हात उगारला होता. रविवारी सकाळी एकही नोंद नाही. गृहपाठाच्या ११ पैकी ८ वेळा काम लिहिण्याचं होतं. पाढे म्हणताना किंवा धडा वाचताना एकदाही काही झालं नव्हतं. त्या आठांपैकी सहा वेळा कोणीतरी बघत होतं: आजी, बहीण, नाहीतर शेजारचा त्याच्याच वर्गातला मुलगा.

वह्याही तपासायला आणल्या होत्या. शुद्धलेखनाच्या एका पानावर पाचव्या ओळीत "प्रार्थना" हा शब्द तीनदा खोडून पुन्हा लिहिलेला होता आणि चौथ्या वेळी खोडरबराने कागदाला भोकच पडलं होतं. भोकाच्या कडा काळ्या झालेल्या. पेन्सिलीवर दाब इतका की मागच्या तीन पानांवर अक्षरांचे वळ उठले होते. ओळीच्या शेवटी एक जाड ठिपका आणि फरफटत गेलेली रेघ: इथे टोक मोडलं होतं. आईला विचारलं तेव्हा तिने पटकन सांगितलं, टोक मोडलं की तीन-चार मिनिटांत भडका ठरलेला. म्हणजे सूचना रोज मिळत होती, अगदी वेळेवर. तिच्यावर घरातलं उत्तर होतं, "परत मोडलंस? किती पेन्सिली लागतात रे तुला!"

कंपास पेटीच्या दिवशीचं नंतर हळूहळू बाहेर आलं. त्या सकाळी "नीटनेटकेपणा नसला की कसं दिसतं" हे सांगण्यासाठी त्याची वही वर्गासमोर उंच धरली गेली होती. जागेवर येऊन बसल्यावर शेजारचा म्हणाला, "किड्यामुंग्या चालल्यात नुसत्या." वरून दिसला तो राग, पण आत होती लाज. नाट्यशास्त्रात भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांत अवहित्था नावाचा एक भाव आहे, आतलं चेहऱ्यावर दिसू न देण्याचा. मोठ्या माणसाला ते गप्प राहून जमतं. आठ वर्षांचं मूल आरडाओरडा करून लपवतं. त्यात मुलगा असेल तर त्याच्या रागाला घरीदारी सूट मिळते, रडण्याला मिळत नाही. या घरात वडिलांचं ठरलेलं वाक्य होतं, "पोरीसारखा रडतोस काय?"

आधी शरीर

भावनांवर काम सुरू करायच्या आधी डॉक्टरांची भेट झाली. ही पायरी गाळली की पुढचे सहा आठवडे वाया जाऊ शकतात. कान, डोळे ठीक निघाले. हिमोग्लोबिन १०.६ होतं. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत ११.५ च्या खाली आलं की रक्तक्षय धरतात, आणि लोह कमी असलेलं मूल लवकर थकतं, किरकिर करतं. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लोहाचं औषध आणि जंताची गोळी दिली.

झोपेचा हिशोब जास्त बोलका होता. सकाळची शाळा, सहाला उठणं. रात्री झोपायला अकरा. सातच तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास लागतात. हे मूल रोज किमान दोन तासांची उधारी घेऊन संध्याकाळी सातला गृहपाठाला बसत होतं, तेही दुपारच्या जेवणानंतर पोटात काही नसताना. वडिलांच्या तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात नोंदी जास्त होत्या त्याचं कारणही इथेच सापडलं: ते रात्री सव्वानऊला निघेपर्यंत घरात दिवे आणि गडबड.

मग तीन गोष्टी हलवल्या. पाच वाजता खाणं (शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळी, उकडलेलं अंडं, घरात असेल ते). साडेपाचला गृहपाठ, दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये पाच मिनिटं अंगणात. झोपेची वेळ एकदम न बदलता दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी मागे, साडेनऊपर्यंत. अकरावरून साडेनऊवर यायला अठरा दिवस लागले. एकदम साडेनऊला आडवं केलं असतं तर तो तासभर तळमळत पडला असता आणि झोपण्यावरून नवं भांडण सुरू झालं असतं.

लिहिण्याच्या अडचणीसाठी विशेष शिक्षिकेकडे पाठवलं. तिसरीच्या सुमारास, आठव्या वर्षानंतर अध्ययन अक्षमतेची नीट तपासणी करता येते. ती प्रक्रिया लांबते, म्हणून तोवर तात्पुरती सोय केली: त्रिकोणी जाड पेन्सिल, रुंद ओळींची वही, आणि खोडरबर दप्तरातच ठेवायचं. चुकलं तर शब्दावर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं.

कुकर

भावनांची तीव्रता दाखवायला मुलांना शून्य ते दहाची पट्टी देतात. या मुलाला ती दिली तर त्याचं उत्तर प्रत्येक वेळी दहा असायचं, नाहीतर शून्य. मधले आकडे त्याच्या अंगाला लागतच नव्हते. मग स्वयंपाकघरातला कुकर घेतला, कारण तो त्याने रोज ऐकलेला आहे आणि आजीलाही समजावून सांगावा लागत नाही.

कुकर आधी सुसू करतो. बारीक आवाज येतो, शिट्टी हलू लागते. मग शिट्टी. मग गॅस तसाच ठेवला तर शिट्ट्यांवर शिट्ट्या. तीनच पायऱ्या धरल्या: सुसू, शिट्टी, आणि पाणी संपून जळायला लागलेला कुकर. आता आपली सुसू कुठे ऐकू येते, हे शोधायचं. दोन वर्तमानपत्रं चिकटवून त्यावर मुलाला झोपवलं आणि खडूने अंगाची बाह्यरेषा काढली. "राग आला की अंगात कुठे कळतं, तिथे रंग लाव." त्याने कान लाल केले. मग तळहात. बराच वेळ थांबून पोटावर काळा गोळा काढला. "राग कानात येतो," तो म्हणाला, "आधी गरम होतात." पोटातल्या गोळ्याचं नाव त्याला सांगता येईना.

मराठीत या खुणा आधीच नोंदलेल्या आहेत. कानशिलं तापतात, पोटात गोळा येतो, घशात आवंढा अडकतो, हातपाय गार पडतात, चेहरा पडतो, मान खाली जाते. मुलाला परकी यादी पाठ करायला लावण्यापेक्षा हे वाक्प्रचार त्याच्या अंगावर शोधणं सोपं जातं, कारण आजीच्या तोंडून ते त्याने हजारदा ऐकलेले असतात.

कुकरच्या उपमेत एक धोका आहे आणि तो आधीच सांगितला. घरातल्यांना वाटलं, वाफ कोंडली आहे म्हणजे ती बाहेर काढायची. उशी बडवू दे, ओरडू दे. हे चुकीचं आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांनी चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर राग काढला ते नंतर, काहीच न करता बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले आणि जास्त आक्रमक निघाले. उशी बडवणं हा मारण्याचाच सराव असतो. म्हणून घरात वाक्य असं पक्कं केलं: वाफ काढायची नाही, गॅस बारीक करायचा.

दुसरा नियम मोठ्यांसाठी, आणि त्याचं वजन जास्त. वाफ जिरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. भडकलेल्या मुलाला "का केलंस? सांग, का केलंस?" विचारणं म्हणजे प्रेशर असताना झाकण ओढणं. त्या क्षणी त्याला ऐकू येतो तो आवाज, अर्थ नाही. शिवाय "का" या प्रश्नाचं उत्तर या वयात शांतपणीही अवघड असतं. मूल काहीतरी बनवून सांगतं किंवा गप्प बसतं, आणि दोन्हीवर पुन्हा ओरडा खातं. "का"च्या जागी दोन प्रश्न ठेवले, तेही नंतर विचारायचे: "आधी काय झालं?" आणि "अंगात कुठे कळलं?"

शब्द, एकेक करून

चार दिवसांना एक शब्द. पहिला वैताग, मग हिरमोड, मग हेवा, आणि सगळ्यात शेवटी लाज. लाज मुद्दाम शेवटी ठेवली, कारण दुखऱ्या जागेला पहिल्या दिवशी हात लावला की मूल दार लावून घेतं. शब्द आधी त्याच्यावर वापरायचा नाही. आई घरी आल्यावर म्हणायची, "बस डोळ्यांसमोरून गेली, असा वैताग आला!" क्रिकेटमध्ये नव्वदवर बाद झालेला फलंदाज दिसला की "झाला बघ याचा हिरमोड." बहीण दादाच्या नव्या चपलांकडे बघत राहिली की "तिला हेवा वाटतोय का रे?" तिसऱ्या दिवसापर्यंत तो स्वतःच दुसऱ्यांच्या भावना ओळखू लागला, आणि तेव्हा कुठे त्याच्याबद्दल विचारायचं, तेही प्रश्न म्हणून. "तुला हिरमोड झालाय" असं सांगितलं तर मूल भांडतं. "हिरमोड झाला का? की वैताग?" असं विचारलं तर ते विचार करतं. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, ते दुरुस्त करतं.

नाव दिल्याने भावना खरंच थोडी उतरते. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की ॲमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भीती-रागाला चटकन प्रतिसाद देणाऱ्या भागाची, उसळी कमी होते. तो अभ्यास मोठ्यांवरचा होता, हे लक्षात ठेवायला हवं. मुलांना शब्द आधी शिकावा लागतो, तो आयत्या वेळी सुचत नाही.

वडिलांकडे एकच काम सोपवलं. जेवताना आठवड्यातून दोनदा स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य सांगायचं, भावनेच्या नावासकट. पहिले दोन आठवडे ते "आज काही झालं नाही" म्हणून मोकळे होत. मग एका रात्री सांगितलं, "आज साहेबाने सगळ्यांसमोर सुनावलं. लाज वाटली. काही बोललो नाही, जाऊन पाणी प्यायलो." मुलाने घास हातात धरून विचारलं, "पप्पा, तुमचे पण कान गरम झाले का?" ते हो म्हणाले. त्यानंतर तीन दिवसांनी, पोटातल्या काळ्या गोळ्याचं नाव मुलाने आईला सांगितलं.

गॅस बारीक करणं

चार उपाय दाखवले, त्यातले दोन त्याने निवडले. निवड त्याची असणं गरजेचं आहे, लादलेला उपाय तो पहिल्याच भडक्यात भिरकावून देतो.

पहिला, बशीतला चहा फुंकणं. "दीर्घ श्वास घे" म्हटलं की मुलं खांदे वर करून हवा कोंबतात आणि छाती फुगवून थांबतात, त्याने धडधड वाढते. उपयोग होतो तो लांब उच्छ्वासाचा. म्हणून ओंजळ बशीसारखी धरायची, तीन अंक मोजत नाकाने श्वास घ्यायचा, सहा अंक मोजत असा सोडायचा की कढत चहा निवेल पण सांडणार नाही. पाच वेळा, जास्त नाही. दहा-पंधरा वेळा जोरात फुंकलं तर गरगरतं.

दुसरा, भिंत ढकलणं. दोन्ही तळहात भिंतीवर, कोपर किंचित वाकलेले, दहा अंक जोर लावायचा, सोडायचं, पुन्हा दोनदा. तळहातात येणाऱ्या आवेगाला काम मिळतं आणि हात कोणाच्या अंगावर जात नाही. थंड पाण्याने मनगटं धुणं आणि जिन्यात जाऊन बसणं हे दोन त्याने नाकारले. जिना नको कारण "तिथे शिक्षा असते." आधी त्याला तिथेच उभं करत असत.

सराव दिवसातून दोनदा, शांत असताना, तीन मिनिटं. पहिले दहा दिवस भडक्याच्या वेळी या उपायांचं नावही काढायचं नाही. पोहायला विहिरीत पडल्यावर शिकवत नाहीत.

मोठ्यांनी भडक्याच्या वेळी काय करायचं तेही ठरलं. बहिणीला आधी बाजूला घ्यायचं. मग खाली बसून, आवाज नेहमीपेक्षा हळू, चार-पाच शब्दांत: "मी इथेच आहे. थांबू या." पुढे गप्प. अंग सैल झालं, नजर वर आली की पाणी द्यायचं. मग नाव, मग मर्यादा: "लाज वाटली ना? वाटू दे. मारायचं मात्र नाही." दोन्ही वाक्यं लागतात. नुसतं पहिलं बोललं तर मारणं चालतं असा अर्थ जातो, नुसतं दुसरं बोललं तर लाज वाटणंच चुकीचं असा. भरपाई अर्ध्या तासाने. "सॉरी म्हण" ही सक्ती नाही, फाटलेलं बहिणीचं चित्र चिकटपट्टीने जोडून द्यायचं, सांडलेलं पुसायचं.

खेळातल्या हरण्यासाठी सापशिडी अर्धीच खेळली, पहिल्या तीस घरांपर्यंत. डाव तीन-चार मिनिटांत संपतो, म्हणून पंधरा मिनिटांत दोन-तीनदा हरायला मिळतं, आणि प्रत्येक हार छोटी असते. त्याला मुद्दाम जिंकू द्यायचं नाही. मोठ्यांनी हरल्यावर मोठ्याने म्हणायचं, "हट्, हिरमोड झाला! परत लावा सोंगट्या." दोन आठवड्यांनी पूर्ण पट, मग कॅरम.

काय बिघडलं

कुकर सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात पाहुण्यांसमोर आई सहज बोलून गेली, "बघ, झाली याची शिट्टी." मामी हसली. मुलाने भिंतीवरचं कुकरचं चित्र ओढून फाडलं आणि चार दिवस तो शब्दही काढू दिला नाही. मदतीला दिलेली गोष्ट टोमणा झाली की ती गेलीच समजा, आणि इथे तर त्याची मूळ जखमच चारचौघांत दाखवलं जाण्याची होती. आईने त्याची माफी मागितली, एकट्यात आणि थोडक्यात. कुकरच्या जागी खासगी खूण आली: सुसू दिसली की आईने स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावायचा. दोघांशिवाय कोणाला कळत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रसंग १७ झाले, जेमतेम दोनने कमी, पण लांबी १२ मिनिटांवरून २२ वर गेली. घरच्यांनी जवळजवळ सोडून दिलं होतं. याचं कारण मोबाईल. तो आदळआपट करायचा, आजी मोबाईल द्यायची, घर शांत व्हायचं. मुलाला कळायचं की ओरडलं की मिळतं, आजीला कळायचं की दिला की सुटका होते. दोघेही एकमेकांना शिकवत होते. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून हीच साखळी नोंदवली होती. आता आजीने देणं थांबवलं, तेव्हा मुलाने आधी जोर वाढवला, कारण आजवर जोर लावल्यावर मिळत होतं. हा टप्पा येतोच आणि तो आधी सांगायला हवा होता. तो नीट सांगितला गेला नाही, ही या प्रकरणातली आमची चूक. याच टप्प्यावर एकदा जरी दिलं तर मूल शिकतं की बारा मिनिटं पुरत नाहीत, पंचवीस लागतात.

आजीला दोष देऊन काही साधलं नसतं. दुपारी साडेबारापासून सहापर्यंत रक्तदाबाची बाई दोन मुलांसोबत एकटी असते. तिला आधार लागत होता. म्हणून मोबाईल मागण्याआधीच, रोज चार ते साडेचार, ठरलेला. वेळेपेक्षा भाग मोजायचे: दोन भाग संपले की बंद, कारण गोष्ट अर्ध्यात तोडली की झगडा पक्का. बंद करून चार्जिंगला त्यानेच लावायचा आणि लगेच बहिणीसोबत कोपऱ्यावरच्या दुकानातून खाऊ किंवा दूध आणायला जायचं. हातातून वस्तू सुटते तेव्हा पायांना लगेच वाट असावी.

शाळा

वर्गात ४६ मुलं. बाईंकडे मोठी योजना नेली असती तर ती टाचणवहीतच राहिली असती. दोनच विनंत्या केल्या. फळ्यावरून उतरवायचं काम त्याला निम्मं द्यावं आणि त्याची वही वर्गाला दाखवू नये. आणि त्याने पाण्याची बाटली बाकावर आडवी ठेवली की न विचारता भरून आणायला जाऊ द्यावं. नळापर्यंत जाऊन यायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात कान निवतात. बाईंनी आपणहून तिसरी गोष्ट केली. त्याचं पाढ्यांचं पाठांतर चांगलं आहे, म्हणून सोमवारी पाढे तो सांगू लागला. टाके पडलेल्या मुलाशी मैत्री जुळवायची घाई केली नाही. दोन महिने दोघे वेगळ्या बाकांवर बसले.

कधी एवढ्यावर थांबू नये

हे प्रकरण घर, शाळा आणि समुपदेशन यांत मावलं. सगळी मावत नाहीत. मूल स्वतःला इजा करतंय, "मला जगायचं नाही" म्हणतंय, प्राण्यांना किंवा लहानांना ठरवून दुखावतंय, शिकलेल्या गोष्टी विसरत मागे जातंय, एखाद्या विशिष्ट माणसाच्या नावाने घाबरतंय, किंवा दोन भडक्यांच्या मधल्या काळातही महिनोन् महिने चिडलेलंच असतंय, तर बालमानसोपचारतज्ज्ञ हवा, तोही लगेच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मूल असुरक्षित असल्याची शंका असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८.

बारा आठवड्यांनंतर

पाचव्या-सहाव्या आठवड्यात प्रसंग ११, सरासरी ८ मिनिटं. मग दिवाळीला मामाच्या गावी गेले: रोज बारापर्यंत जागरण, फराळावर दिवस, दहा मामे-मावस भावंडं, आणि पाच दिवसांत आठ भडके. घरच्यांना वाटलं सगळं वाया गेलं. परत आल्यावर झोप जागेवर यायला आठवडा लागला आणि आकडा खाली आला. अकराव्या-बाराव्या आठवड्यांत मिळून ६ प्रसंग, सरासरी ४ मिनिटं. हात उगारला तो एकदा.

तिसऱ्या पाळीचा आठवडा अजूनही जड जातो. विशेष शिक्षिकेच्या पहिल्या तपासणीत लिहिण्याचा वेग आणि जोडाक्षरं यांत अडचण दिसली आहे, पुढच्या चाचण्या बाकी आहेत. हिमोग्लोबिन ११.८ झालं, डॉक्टरांनी लोह आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितलं आहे. वडिलांचं "पोरीसारखा" बंद झालं, पण तो रडायला लागला की ते अजून उठून बाहेर जातात. त्यावर पुढच्या भेटीत बोलायचं आहे.

वहीतली बाराव्या आठवड्यातली एक नोंद, आईच्या अक्षरात: "रविवार, ५.४०. 'आश्चर्य' लिहिताना टोक मोडलं. माझ्याकडे बघितलं. मी कानाला हात लावायच्या आधी त्यानेच लावला. उठून भिंत ढकलली, दोनदा. टोकयंत्र मागितलं. शब्दावर रेघ मारून पुढे लिहिलं. ३ मिनिटं."